डोरीनची फुली

"मागच्या सीटवर बस. पुढं पत्रकं आहेत," क्लिफ म्हणाला.

"मग पत्रकं मागं टाक. खुबा माझा दुखतोय, पत्रकांचा नाही." डोरीननं पुढचं दार उघडलं आणि ती सरळ पत्रकांवरच बसली.

क्लिफनं कोटावरचं मजूर पक्षाचं लाल कापडी फूल नीट केलं आणि गाडी सुरू केली. रस्त्यावर बर्फ गोठलं होतं. म्हाताऱ्या, अधू मतदारांना मतदान केंद्रावर न्यायचं काम पक्षानं त्याच्याकडे दिलं होतं. त्यांत त्याची थोरली बहीण डोरीनही होती, हा त्याच्या नशिबाचा भाग. युरोपातून बाहेर पडायचं की नाही हे लोकांना विचारलं, तेव्हापासून सख्ख्या भावंडांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

उत्तर इंग्लंडातल्या डरॅमच्या या खाणगावात मजूर पक्षानं दगडाला शेंदूर फासून उभा केला असता तरी तो निवडून आला असता. या डिसेंबरात मात्र दगड हलला होता. चार-दोन मतांवर निकाल लागेल असं जो तो म्हणत होता, आणि त्या चार-दोनांतलं एक मत क्लिफच्या शेजारी बसून खिडकीची काच पुसत होतं.

"कुणाला देणार?" त्यानं विचारलं.

"मत गुप्त असतं, क्लिफ."

"गुप्त म्हणे! खाटकाच्या दुकानात साऱ्या गावाला सांगितलंस ना, या खेपेला हुजूर पक्षाला देणार म्हणून?"

"सांगितलं. मग? मला विचारलं, युरोपात राहायचं का बाहेर पडायचं. मी म्हटलं, बाहेर. एवढी वर्षं झाली, आणि आता तुझा पक्ष म्हणतो, बाई, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. मी काय तोतरी आहे?"

"अगं, आपली खाण या हुजूरवाल्यांनीच बंद केली ना? विसरलीस?"

"आणि माझा शिवणकारखाना उचलून पोलंडला नेला, तेव्हा कोण आडवं पडलं? तुझे पक्षवाले आले होते हो. चहा प्यायले, बिस्किटं खाल्ली, गेले."

"तुला काय कळतंय राजकारणातलं?"

"तुला तरी कुठं कळतं? तुला फक्त लाल रंग कळतो. बैलाला कळतो तसा."

क्लिफनं गाडी कडेला घेऊन थांबवली. त्याचे कान तापले होते.

"बाबा खाणीतली धूळ खाऊन मेले. शेवटी शेवटी पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं त्यांच्या. आज तू त्यांच्या थडग्यावर थुंकायला निघालीयस. आणि मी तुला गाडीत घालून नेतोय!"

हे बोलायला नको होतं, हे क्लिफलाही कळत होतं. पण भांडणात आपली सरशी होतेय असं दिसलं की भला माणूसही तोंड आवरत नाही.

"ऐक. आज त्या हुजूर पक्षाच्या निळ्यांना मत दिलंस तर मला बहीण नाही. नाताळला माझ्या दारात यायचं नाही."

तिचा नवरा गेलेला, मुलगी ऑस्ट्रेलियात. नाताळच्या दिवशी तिला जायला दुसरं दार नव्हतं. हे माहीत असूनच तो बोलला होता.

तिनं बारीक आवाजात विचारलं, "आणि लालांनाच दिलं तर?"

"तर काय? तू म्हणशील, दिलं. मी खरं मानू? रात्री मोजणीला पक्षातर्फे मी टेबलापाशी बसलेला असेन. मतपत्रिकेवर नावापुढं नुसती फुली मारायची; सगळ्या फुल्या सारख्या. त्यातली तुझी कुठली, मला काय स्वप्न पडणार आहे? तुझ्या शब्दाची किंमत काय, ते खाटकाच्या दुकानात कळलं सगळ्यांना."

मतदान चर्चच्या हॉलमध्ये होतं. डोरीन काठी टेकत उतरली. दाराशी निळं फूल लावलेली बाई उभी होती. तिनं लगबगीनं पुढं होऊन डोरीनचा हात धरला, तिला पायऱ्या चढवल्या. दोघी कशावर तरी हसल्या. गाडीत बसलेल्या क्लिफनं ते काचेतून पाहिलं.

डोरीन बऱ्याच वेळानं बाहेर आली. डोळे लाल, हातात रुमाल. ती गाडीत बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.

"झालं मनासारखं?" क्लिफ म्हणाला.

"मजूर पक्षाला दिलं."

"खोटं."

"तू बाबांचं नाव काढलंस, क्लिफ. मग दुसरीकडे हातच वळेना. युरोपातून बाहेर पडायची फार इच्छा होती रे माझी. जाऊ दे. नाही पडलो तर नाही पडलो."

"रडू नकोस. त्या निळ्या सटवीच्या हातात हात घालून आत गेलीस, मी काय आंधळा आहे? नाताळसाठी खोटं बोलतेस, म्हातारे! निदान खरं बोलायची तरी लाज बाळगू नकोस."

डोरीन चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याकडे बघून हसली, थोरल्या बहिणीनं हसावं तशी.

"तू हेच म्हणणार, हे ठाऊक होतं मला. म्हणून सोय करून आलेय. फुलीच्या शेजारी नाव लिहिलंय. डोरीन ॲन रटर, पूर्ण. तेही माझ्या पेननं, त्यांच्या पेन्सिलीचं खोडतात म्हणे. रात्री मोजताना वाच, ठळक अक्षरात आहे. आणि उद्या सकाळी माफी मागायला ये."

क्लिफचा हात किल्लीवरच राहिला. मतदाराचं नाव लिहिलेली मतपत्रिका मोजत नाहीत, बाद करतात; निळ्यांच्या अशा कितीतरी त्यानं स्वतः टेबलावर बोट आपटून बाद करायला लावल्या होत्या.