डावा गाल

प्रेमिलाचा हात नवऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर थांबला तो थांबलाच. तळव्याला गुलाल होता. बाहेर अख्खं प्रताप नगर धुळवड खेळत होतं.

"लाव ना वं," महादेवराव म्हणाले.

लाव म्हणणं सोपं. या डाव्या गालानं घराला नको नको ते दाखवलं होतं. वाऱ्याची झुळूक लागली तरी वीज पडल्यासारखी कळ जायची आणि हा धिप्पाड माणूस भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडायचा. आधी दाढेचं दुखणं समजून इतवारीतल्या दातांच्या डॉक्टरकडे दोन धडधाकट दाढा उपटून झाल्या. दाढा गेल्या, कळ राहिली. मग एका मोठ्या डॉक्टरांनी ओळखलं, हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. नव्या निघालेल्या गोळ्या दिल्या. काही काळ बरा गेला, पुढे गोळ्यांनीही हात टेकले. धुळवडीला महादेवराव आतल्या खोलीत कडी लावून बसायचे. लोक शिष्ट म्हणायचे. म्हणोत बापडे. प्रेमिलाला सलायचं ते वेगळंच. झोपेत आपला हात चुकून त्या गालाला लागू नये म्हणून ती वर्षानुवर्षं पाठ करून निजत आली होती.

यंदा डॉक्टर म्हणाले, नवा इलाज आलाय. गालातून सुई घालून नसेला चटका द्यायचा. दुखणं जाईल, पण गाल बहुतेक कायमचा बधिर होईल. विचार करून सांगा. महादेवरावांनी विचारबिचार काही केला नाही, तिथल्या तिथे हो म्हणाले. विटले असतील बिचारे, असं प्रेमिलाला वाटलं.

इलाज झाला. आता दुखत नाही म्हणत होते खरे. पण बायकोच्या समाधानासाठी माणूस काहीही म्हणतो, हेही तिला ठाऊक होतं.

शेवटी महादेवरावांनीच तिचं मनगट धरलं आणि तळवा सरळ गालावर टेकवला. प्रेमिलानं डोळे घट्ट मिटले. ओरडणं ऐकू आलं नाही. तिनं डोळे उघडले. गाल लालेलाल झाला होता आणि नवरा हसत होता.

"दुखलं?"

"नाही."

"हात लागला, हे तरी कळलं?"

"ते बी नाही. लाकूड झालं त्याचं."

तिचं तोंड एवढंसं झालं. "मंग हसून काहून राहिले तुम्ही?"

महादेवरावांनी तिचा हात गालावरून काढू दिला नाही.

"मले नाही कळलं तर नाही. तुले तर कळलं ना?"