घट्ट म्हणजे किती

केतकीने बांधलेली आंब्याची सगळी कलमं वाळली. कृषी महाविद्यालयात पहिली येणारी ती पोरगी रोपवाटिकेच्या ओट्यावर रडवेली होऊन बसली होती.

"मॅडम, पुस्तकात लिहिलंय तस्संच केलं. रोपाला चीर दिली, काडी बसवली, पट्टी घट्ट बांधली."

"घट्ट म्हणजे किती?" पेडणेकर मॅडमनी विचारलं.

मॅडमचा आज नोकरीतला शेवटचा दिवस. विशीत असताना त्याही याच ओट्यावर अशाच तोंड पाडून बसल्या होत्या. बिवलकर सरांनी तेव्हा काही समजावलं नव्हतं. पट्टी उचलून सरळ त्यांच्या बोटाला गुंडाळली होती.

मॅडमनी तेच केलं. केतकीच्या बोटाला पट्टी गुंडाळून टोक ओढलं. "इतकं. पट्टी सरकत नाही, पण बोटही बधिर होत नाही. आता तू माझ्या बोटाला बांध."

केतकीने भीत भीत बांधली.

"अजून थोडं," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. आवाज त्यांचा होता, पण सूर थेट सरांचा. सरांना जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली होती.

केतकीने टोक जरासं ओढलं. पट्टी नेमकी बसली. तिचं तिलाच ते कळलं, तशी ती नव्या काड्या आणायला पळाली.

संध्याकाळी निरोपाचा हार घालताना प्राचार्यांचं लक्ष मॅडमच्या हाताकडे गेलं. "बोटाला काय लागलं?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "कलम बांधलंय."