पट्टीची ग्वाही

पहाटे टेकडीवर धावून आलेल्या मिहिरनं मनगटावरची पट्टी काढून मोठ्या भावाच्या हातात ठेवली. "दादा, आज तरी डॉक्टरांना खरं सांग." शार्दूलनं ती आपल्या मनगटावर चढवली. घामावरून पुरुषाचं बीज तपासून नोंद ठेवणारी ही पट्टी खोटं बोलत नाही, असं सगळं जग मानत होतं.

दुपारी दवाखान्यातल्या यंत्रानं पट्टी वाचली. "पती निर्दोष. पत्नीचं गर्भाशय काढून कृत्रिम बसवावं लागेल." बाईकडे बोट दाखवायला आता सासूही लागत नसे.

शार्दूलची बायको ओवी हिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी तू रोज पहाटे उठून धावतोस, आणि माझंच अंग साथ देत नाही रे! बोल ना काहीतरी."

गालात दाबलेला तंबाखूचा बार सांभाळत शार्दूलनं नुसती मान हलवली.