कार्टर म्हणजे कोण?

इंग्लंडात नर्स असलेल्या रीताने फोनवर सांगितलं, की तिला तिथल्याच एडी कार्टरशी लग्न करायचंय. त्या दिवसापासून कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर तिच्या बापाच्या, प्रेमदास राठोडच्या जिवाला घोर लागला. पोरगा दिसतो कसा, कमावतो किती, हे त्याने विचारलंच नाही. "हे आडनाव आलं कुठून, त्याचा अर्थ काय, ते पहिलं सांग," एवढाच धोशा लावला.

"बापू, लई चालतं आडनाव हाय. इथं गल्लोगल्ली कार्टर भेटतात."

"मंग तर जास्तच शंका. असल्या गर्दीत कोणी बी लपतं," प्रेमदास म्हणाला. त्याच्या तांड्यात चाळीस घरं होती आणि चाळीसही राठोडांचीच.

शेवटी रीताने आडनावाचं मूळ शोधून काढलं आणि हौसेने व्हिडिओ कॉल लावला. शेजारी एडी हसत बसला होता.

"बापू, कार्टर म्हणजे गाडीतून माल वाहणारा! आपले जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून गावोगाव न्यायचे ना? याचे बी तसेच. फक्त त्यांच्या गाड्या होत्या, एवढाच फरक."

रीताच्या आईचा, मिराबाईचा जीव भांड्यात पडला.

प्रेमदास मात्र डोळे बारीक करून त्या गोऱ्या पोराकडे बघत राहिला.



"गाड्या आल्या आन आपल्या बैलांचं काम गेलं. तवा धंदा नेला, आता लेक न्यायला आले व्हय?"