घड्याळ लावून

अतिदक्षता विभागाच्या प्रमाणपत्र परीक्षेत दोनदा वेळ अपुरा पडल्यामुळे ती नर्स घरी दार लावून, घड्याळ लावून सराव करायची. पलीकडच्या खोलीतून अंथरुणाला खिळलेली आई विचारायची, "झालं का गं?"

"थांब जरा, आई. घड्याळ लावलंय."

अशाच एका सरावात आई गेली. नर्सने पेपर पुरा करूनच दार उघडलं होतं.

आज परीक्षेच्या हॉलमध्ये तिचा हात भराभर चालत होता. मागून आवाज आला, "झालं का गं?"

तिने वळून पाहिलं नाही. भास असेल म्हणत पुढचा प्रश्न वाचला. पुन्हा तेच, आता अगदी कानाशी.

पर्यवेक्षिका तरातरा जवळ आली. "मॅडम, नातेवाइकांना आत परवानगी नाही. आणि आजींना असं किती वेळ ताटकळत ठेवणार?"