कोऱ्या मोटारीची चादर

मोटार वाटेत कुठंच थांबवायची नाही, असं भिकनने जळगावातून निघतानाच ठरवलं होतं. पण एरंडोलच्या अलीकडे, त्याच्या स्वतःच्याच गावच्या फाट्यावर, रस्त्याच्या मधोमध त्याची बायको मंजुळाबाई उभी होती. काखेत गाठोडं, डोक्यावर पदर आणि हलायचं नाव नाही. भिकनने करकचून ब्रेक दाबला.

"मुकटीना सांगावा उना शे," ती म्हणाली. "माय आते ऱ्हात नही. माले संगे लई चाला."

मुकटी तिचं माहेर. धुळ्याच्या अलीकडे, इथून पंधरा कोस. मोटार धुळ्यालाच चालली होती. पायी गेली तर दोन दिवस लागणार, आणि माय काही दोन दिवस थांबणार नव्हती. एवढं भिकनलाही कळत होतं.

पण मोटार त्याची नव्हती. भिकन तसा शेतकरीच. लढाईच्या दिवसांत लष्करात लॉरी हाकायला शिकला, आणि आता शेतातली कामं उरकली की जळगावला रेल्वेने येणाऱ्या नव्या मोटारी गिऱ्हाइकांच्या दारात नेऊन पोचवायचा. ना कुणाचा नोकर, ना कुणाचा मालक. जाताना साहेबासारखं जायचं आणि येताना धूळ तुडवत पायी यायचं, असला तो धंदा. वर्षाकाठी आठ-दहा मोटारी मिळत आणि त्यांच्यावर उन्हाळ्यात घरची चूल पेटे. अट एकच, गाडी कोरी पोचली पाहिजे.

ही तर जरा जास्तच कोरी होती. धुळ्याच्या लखीचंद शेठची. शेठचे मेहुणे इंदरचंद यांनी सकाळी जळगावलाच मागच्या सीटवर पांढरी शुभ्र चादर अंथरली, तिच्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि भिकनला बजावलं, "यावर पहिली बसेल ती माझी बहीण प्रेमकुंवर. तोवर माशीसुद्धा नाही. चादरीला सुरकुती दिसली, तर पुढची मोटार दुसरा नेईल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भिकनने आपल्या शेजारची जागा थोपटली. "पुढे बठ."

मंजुळाबाई दचकली. उघड्या टपाची मोटार, वाटेत एरंडोल, पारोळा, आणि निम्मे सोयरे याच रस्त्यावर. "तुमना जोडे? दिनना उजेडमा? लोके काय म्हनतीन?"

"तुनी माय मराले टेकनी, आनि तुले लोकेसनी पडेल शे?"

"मी मांगे बठस."

"मांगे कुंकू शे."

"ते मी देखी लेसू," म्हणाली आणि मागचं दार उघडून चढलीसुद्धा.

गेलं काम, भिकन मनात म्हणाला. मग म्हणाला, जाऊ दे, सासू काही रोज मरत नाही. त्याने मोटार सोडली. मागे वळून पाहायची सोय नव्हती. रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि बैल मोटारीला बुजत होते. पारोळ्याच्या पुढे त्याने एकदा विचारलं, "बरं शे ना?"

"शे," मागून उत्तर आलं. आवाज जरा खालून आल्यासारखा वाटला, पण इंजिनाच्या घरघरीत एवढं कोण मनावर घेतो?

खरं सांगायचं तर त्याला आतून बरंच वाटत होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बायका कोऱ्या मोटारीत बसताना तो बाजूला उभा राहून बघत आला होता. आज त्याची बसली होती. कामावर पाणी सोडून का होईना, बसली होती.

मुकटीच्या फाट्यावर मेव्हणा हिलाल बहिणीची वाट बघत उभा होता. "आजून शे," एवढंच तो म्हणाला. भिकनने उडी मारून मागचं दार उघडलं. चादरीवर सुरकुती नव्हती. स्वस्तिक जसंच्या तसं होतं. मंजुळाबाई दोन सीटांच्या मधे, खाली फळीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. उतरताना तिचे पाय उचलेनात. हिलालने तिला धरून खाली घेतलं.

"खाले कसाले बठनी?" भिकन तिच्यावर ओरडला. राग आला होता स्वतःचा, निघाला तिच्यावर. वड्याचं तेल वांग्यावर.

"मंग? तुमनं काम जातं ना," ती म्हणाली आणि भावाचा हात धरून लंगडत घराकडे निघाली.

धुळ्यात शेठच्या दारात रांगोळी घातली होती. प्रेमकुंवरबाई तबक घेऊन पुढे आल्या, आधी चादरीवर वाकल्या आणि चारी कोपरे निरखून पाहिले.

"एक सुरकुती नाही," त्या शेठना म्हणाल्या. "माणूस इमानी आहे. धाकट्या दिरांची मोटार येईल, तीही हाच आणेल." त्यांनी भिकनच्या हातावर नारळ ठेवला, वर एक जरीकाठी खण ठेवला. "हा घरी बायकोला दे." मग मोटारीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता, चांगल्या मनाने, सहज विचारलं, "कधी बसवलंस का रे तिला मोटारीत?"

नाही म्हटलं असतं, तर भागलं असतं. भिकन हातातल्या खणाकडे बघत राहिला.

"आज याच मोटारीतून माहेरी नेली, बाई," तो म्हणाला. "पंधरा कोस. पण ती सीटवर बसली नाही. खाली फळीवर होती."

प्रेमकुंवरबाईंची नजर कोऱ्या चादरीवरून खाली फळीवर गेली. त्यांनी पायरीवरचा पाय हळूच मागे घेतला.