जर-तरचे प्रश्न

“दुकान बंद असलं तर दिवा विझलेला असतो. दुकान बंद नाही. मग दिवा चालू असणारच की! यात विचारण्यासारखं काय आहे मेलं?” आई शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत पुटपुटली. पुटपुटलीच. बाबा यायच्या वेळेला या घरात कुणी मोठ्यानं कुरकुरतही नसे.

“चूक,” लेक तितक्याच हळू म्हणाली. “निष्कर्ष निघत नाही. बल्ब उडालेला असू शकतो.”

“उडाला तर बदलायला नको?”

“आई!”

लेकीला हसू आलं, ते तिनं गिळलं. उद्या सकाळी आईची बुद्धिमत्ता चाचणी होती. आई दवाखान्याच्या धुलाईघरात रोजंदारीवर होती. पास झाली तर तिथल्याच कोठारात कायम होणार होती. चादरी मोजून द्यायला बुद्धिमत्ता किती लागते, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. कायम झालेल्यांना दवाखान्याच्या आवारात राहायला खोली मिळते. नोकरीबद्दल घरात बोलणं व्हायचं. खोलीबद्दल आई बोलत नसे, लेकही बोलत नसे. पण जाहिरातीतली ती ओळ दोघींनी वाचली होती, आणि दुसरीनंही वाचली आहे हे दोघींना ठाऊक होतं.

गंमत म्हणजे बाकी सगळं आईला पटापट यायचं. “सर्व चादरी पांढऱ्या आहेत. काही पांढऱ्या वस्तू डागाळलेल्या आहेत. म्हणून काही चादरी डागाळलेल्या आहेत?” असं लेकीनं विचारायचा अवकाश, आई म्हणायची, “छे! डाग अभ्र्यांवर असतील. चादरींवर कशाला आळ घेतेस?” सर्व, काही, एकही नाही, यांत तिला कुणी हरवलं नसतं. जर-तर आलं की मात्र गाडी अडलीच. पहिली गोष्ट घडली नाही म्हणजे दुसरी घडणारच नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. लेकीनं बल्बचं उदाहरण दिलं, बसचं दिलं. आई मान डोलवायची, “कळलं” म्हणायची, आणि पुढचा प्रश्न तसाच चुकवायची.

एकदाच बरोबर आलं होतं. “ताप आला तर अंग दुखतं. ताप नाही. मग अंग दुखणार नाही?”

“दुखतं,” आई चटकन म्हणाली होती, आणि लगेच पुन्हा इस्त्रीकडे वळली होती.

“बास झालं ते पुस्तक,” कॉटवरून आजी म्हणाली. “तो येईल एवढ्यात. त्याला पसारा चालत नाही.” आजी म्हणजे बाबांची आई. तिला ऐकू कमी यायचं. म्हणजे, ज्याचं उत्तर द्यावं लागेल तेवढं यायचं नाही.

आईनं शर्ट अडकवला आणि रोजची फेरी सुरू झाली. चपला भिंतीला लावून सरळ. नळ घट्ट. टीव्हीचा आवाज मध्यम, कारण मोठा चालत नाही, आणि बंद ठेवला तर ‘घरात कुणी मेलंय का’ असं होतं. जेवण गरम, पण जीभ पोळेल इतकं नाही. पाण्याचा पेला उजव्या हाताला. फिरता फिरता आईचे ओठ हलत होते. लेकीला वाटलं, पाठांतर चाललंय. ताटं घेऊन ती जवळून गेली तेव्हा तिला शब्द ऐकू आले.

“टीव्ही मोठा असला तर. मोठा नाही. जेवण गार असलं तर. गार नाही. कॉलर चुरगळली असली तर. नाही चुरगळली.”

आईला जर-तर कळत नव्हतं असं नाही. तिनं सगळा संसारच त्या चुकीच्या उत्तरावर उभा केला होता. आणि लेकीनं तरी दुसरं काय केलं होतं? चपला तिनंच सरळ केल्या होत्या. परवाही सगळं असंच जागच्या जागी होतं. परवा बाबा ‘चिडले’ होते, आणि दुसऱ्या दिवशी धुलाईघरात आईनं ‘कपाटाचं दार लागलं’ असं सांगितलं होतं. या घरात त्या गोष्टीला एवढेच शब्द होते, आणि ते तिघींना पाठ होते.

खाली स्कूटर थांबली. मग जिन्यावर पावलं वाजली.

“शेवटचा प्रश्न,” ती म्हणाली. पुस्तक तिनं मिटून टाकलं होतं. “आईचं काही चुकलं तर बाबा चिडतात. आज आईचं काहीच चुकलेलं नाही.”

आईचा हात पेल्यावरच थांबला. आजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

“निष्कर्ष सांग, आई.”

पावलं दारापाशी आली. कुलपात किल्ली खुडबुडली. एरवी तो आवाज आला की आईचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. आज ती दाराकडे तोंड करून उभी राहिली, आणि दारापलीकडे स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“चिडत नाहीत गं, मारतात. चुकलं तरी मारतात, नाही चुकलं तरी मारतात.”